उघड्या गाठीचा म

शनिवारी दुपारी दादाभाऊ शेळकंदे आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे अवसरीला आला, तेव्हा मी पुस्तकांना ऊन दाखवत होतो. घाटघरच्या अलीकडच्या वाडीवरून दोन एसट्या बदलून ती दोघं आली होती. त्या वाडीवरच्या शाळेत मी नऊ वर्षं मास्तर होतो आणि दादाभाऊचं नाव पहिलीच्या हजेरीत मीच घातलं होतं. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. निवृत्तीनंतर कुणी विद्यार्थी मला शोधत इतक्या लांब आला नव्हता, म्हणून मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं ते बरं वाटणं कुठेच बसत नाही.

मुलीचं नाव तेजस्विनी. जुन्नरला बी.एस्सी. झाली, परीक्षा देऊन पुण्यातल्या एका कॉलेजात एमसीएला तिचा नंबर लागला. अनुसूचित जमातीच्या जागेवर, पण तात्पुरता. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जमातीचं वैधता प्रमाणपत्र दाखल करायचं होतं. नाही केलं तर तिची गणना खुल्या प्रवर्गात होणार होती, आणि त्या यादीत तिचा नंबर फार खाली होता.

तिने प्लास्टिकच्या फायलीतून एकेक कागद काढून सतरंजीवर मांडला. अधिवासाचा दाखला होता. कुटुंब १९५० च्या आधीपासून इथलंच असल्याचा पुरावा मागतात, तोही होता. तिच्या खापरपणजोबांचं नाव असलेला जमिनीचा जुना उतारा तिने जुन्नरला चार खेपा घालून मिळवला होता. पण उताऱ्यावर जात लिहीत नाहीत. आजोबा बहिरू शाळेत गेलेच नव्हते. त्यामुळे त्या घराची जात कागदावर पहिल्यांदा उमटली ती दादाभाऊच्या शाळेतल्या नोंदीत, रजिस्टरच्या एका ओळीत. जमातीचे दाखले पडताळणाऱ्या समितीच्या दक्षता पथकाचे लोक शाळेत येऊन ती ओळ पाहून गेले होते, आणि आता नोटीस आली होती.

ती तिने मला वाचून दाखवली. ‘हिं. म. कोळी’ या नोंदीतील ‘म.’ हे अक्षर वेगळ्या शाईने नंतर घातलेले दिसते, त्याबाबत मंगळवारी समक्ष हजर राहून खुलासा करावा.

“एक म हाय बगा, गुरुजी,” दादाभाऊ म्हणाला. “त्यो असला तर आमी महादेव कोळी, जमातीतले; नसला तर नुसतं कोळी. आन् नुसतं कोळी म्हणलं की ह्या लोकांना व्हडी दिसती. आमच्या घाटावर व्हडी कुठनं आणू? मासा खायचा झाला तर आमी बाजारातनं इकत आणतो.”

तेजस्विनी हसली नाही. तिने मला विचारलं की त्या वेळी शाळेत तुम्हीच होता, तर काही आठवतं का. मी झेरॉक्स हातात घेतली. झेरॉक्समध्ये शाईचा रंग कळत नाही, सगळं काळंच दिसतं. पण मला तो म ओळखायला रंगाची गरज नव्हती. तो माझाच होता.

मी आठवून बघतो म्हणालो. सुनेने, उज्ज्वलाने, चहा आणला. दादाभाऊ बशीत ओतून प्यायला. साडेतीनची गाडी गाठायला ती दोघं निघून गेली आणि मी पुस्तकं तशीच उन्हात टाकून आत जाऊन बसलो.

झालं होतं ते असं. दादाभाऊचं नाव घालायला बहिरू आला तेव्हा मी जात विचारली. तो म्हणाला, कोळी. त्या वाडीत सगळी घरं एकाच जमातीची. आपण कुठले कोळी हे तिथे कुणी कुणाला सांगत नसे, कारण दुसरे कोळी त्यांनी पाहिलेलेच नव्हते. मी खालच्या बागायती गावातून आलेला. मला फरक माहीत नव्हता. मी ‘हिं. कोळी’ लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

आठ वर्षांनी जमातींवरचं एक जाडजूड पुस्तक वाचताना माझी चूक मला कळली. वर्षागणिक घातलेली अशी सतरा मुलं रजिस्टरात होती. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते हे मला ठाऊक होतं. म्हणजे पत्र लिहायचं, पंचायत समितीत साहेबासमोर उभं राहायचं, आठ वर्षं काय झोपला होता का, हे ऐकून घ्यायचं. मला साहेबांसमोर बोलता येत नसे. अजून येत नाही. एका दुपारी मुलं घरी गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि सतराही ठिकाणी ‘हिं.’ आणि ‘कोळी’ यांच्या मधल्या फटीत एकेक म बसवला. आधीची शाई काळी होती, त्या दिवशी दौतीत निळी होती. सही केली नाही, तारीख घातली नाही. उलट आपण काहीतरी चांगलं केलं, अशा समाधानात कुलूप लावून खोलीवर गेलो. वाचलेल्या पुस्तकांची वही मी चाळीस वर्षं ठेवली आहे. त्या पुस्तकाची नोंद तिच्यात आहे. सतरा म घातल्याची नाही.

रविवारभर मी हिशेब केला. गप्प राहिलो तर समिती म्हणणार, घरच्यांनी नोंद बदलली. खरं सांगितलं तर म माझा ठरणार, पण मूळ नोंद नुसती कोळीच राहणार. कुठूनही धरलं तरी दोर त्या मुलीच्याच गळ्याला लागत होता. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. शेवटी सोमवारी पहिल्या गाडीने वाडीवर गेलो. तोंडावर सांगितलं तर ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याचा चेहरा तरी दिसतो, असं काहीतरी मनात होतं. कदाचित तेवढंही नसेल, घरी बसवत नव्हतं.

दारात दादाभाऊची आई लंकाबाई नाचणीचं पीठ चाळत होती. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. दादाभाऊ माझ्याकडे न बघता समोरच्या भातखाचराकडे बघत राहिला. लंकाबाईंचे हात मात्र थांबले नाहीत.

“तुमी इचारलं, त्यांनी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तुमी पुरतं इचारलं न्हाई, त्यांनी पुरतं सांगितलं न्हाई. आता त्येंना वर जाऊन कोन इचारणार? तुमी हाय, तुमीच सांगा.”

तेजस्विनीने नोटीस काढून तारीख पुन्हा पाहिली. मग तिने विचारलं, “हे तुम्ही उद्या तिथं सांगाल?”

मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या लवकर मी कुठल्याही गोष्टीला हो म्हटलं नसेल.

मंगळवारी पुण्याला त्या कार्यालयाच्या बाकावर आमच्याआधी अकरा जण होते. आमचा पुकारा झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. आत टेबलामागे तिघं होते. बोलत होत्या त्या मधल्या बाई. त्यांच्यासमोर मूळ रजिस्टरच होतं, शाळेतून मागवलेलं. इतक्या वर्षांनी मी ते पाहिलं. निळी शाई फिकट होऊन जांभळट झाली होती.

घरून मी सगळं लिहून नेलं होतं, पण कागद उघडलाच नाही. जसं आठवत होतं तसं सांगत गेलो: बहिरू, पुस्तक, सतरा मुलं, निळी दौत. आवाज बारीक येत होता, बाईंनी दोनदा मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. पण मी शेवटापर्यंत बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. बोलून झाल्यावर एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि ‘हिं. म. कोळी’ असं दहा वेळा लिहायला सांगितलं.

पाच-सहा वर्षं झाली, माझा उजवा हात थरथरतो. सही जेमतेम होते. मी पेन धरलं. पहिला म फुटला. दुसऱ्याचा दांडा वाकडा गेला. दहावा येईपर्यंत कागदावर जे उमटलं होतं ते पहिलीतल्या पोरानेही पुसून टाकलं असतं. बाईंनी तो कागद रजिस्टरशेजारी ठेवला, दोन्हींकडे पाहिलं आणि बाजूला सारला.

मग त्यांनी फायलीतून दुसरा कागद काढला. दादाभाऊने स्वतःच्या हाताने लिहिलेलं शपथपत्र.

इथे मला त्या म बद्दल सांगायला हवं. शाळेला मिळायची ती शाई फुटायची. म ची गाठ बंद केली की ती काळी भरून जाई आणि अक्षर म आहे की भ, कळत नसे. म्हणून मी गाठ उघडी ठेवायचो आणि तिचं टोक जरा खाली ओढून सोडायचो. मुलांकडूनही तसंच गिरवून घेत असे. ज्याची गाठ मिटली त्याला पाटी पुसून पुन्हा लिहायला लावत असे. केंद्रप्रमुख आमच्या शाळेच्या अक्षराचं कौतुक करत, आणि भिडस्त माणसाला तेवढं कौतुक खूप दिवस पुरतं.

बाईंनी शपथपत्रातल्या म वर बोट ठेवलं. गाठ उघडी, टोक खाली ओढलेलं. मग ते बोट रजिस्टरातल्या जांभळट म वर नेलं.

“हा म मला यांचा वाटतो,” त्या दादाभाऊकडे बघून म्हणाल्या. “तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होता ना?”

दादाभाऊ तीन वर्षं अध्यक्ष होता. रजिस्टरच्या कपाटाची किल्ली तेव्हा त्याच्याकडेही असे. त्याने हो म्हटलं. नाही म्हणणं त्याला येतच नाही. लहानपणीही पाटीवरचं चुकलं की स्वतःच दाखवायला आणायचा.

मी उठून उभा राहिलो. सांगितलं की ते अक्षर मी शिकवलेलं आहे, सतराही जण असाच म काढतात, कुणालाही बोलावून लिहून घ्या. बाई चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा हेतू मला कळतो. पण तुम्ही लिहिलं म्हणता, त्याला तुमचा हात साक्ष देत नाही. आणि ज्यांचा देतो, त्यांचाच यात फायदा आहे.” रजिस्टर हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जाईल, त्या सतरा जणांचे नमुने अर्जदाराने आणावेत, पुढची तारीख सव्वा महिन्यानंतरची. तेजस्विनीने शुक्रवारचं सांगितलं, कॉलेजचं पत्र दाखवलं. बाईंनी ते वाचलं, परत केलं आणि म्हणाल्या की मुदत वाढवणं आमच्या हातात नाही.

बाहेर जिन्यात दादाभाऊ मला म्हणाला, “तुमी आला, लई झालं, गुरुजी.” शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बुधवारी आणि गुरुवारी तेजस्विनी कॉलेजात जाऊन बसली. सुनावणी चालू असल्याचं पत्र चालणार नाही, प्रमाणपत्रच लागेल, असं तिला सांगण्यात आलं. शुक्रवारी ती गेली नाही. मी वाडीवर गेलो होतो. सतरा जणांची नावं मलाच आठवत होती, ती लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं.

ओट्यावर ती वही घेऊन बसली. मी नावं सांगत होतो, ती कोण कुठे आहे ते पुढे लिहीत होती. संपत नारायणगावला टेम्पोवर. साळुबाई मढला दिलेली. रामदास कल्याणला. दोघं वारलेले. सातव्या नावापाशी आत तिचा मोबाइल वाजला. ती उठली नाही. दादाभाऊने आणून दिला. तिने मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. पाच वाजून काही मिनिटं झाली होती. तिचं नाव आता खुल्या यादीत होतं आणि त्या यादीतल्या सगळ्या जागा भरल्या होत्या.

“पुढचं नाव?” तिने विचारलं.

मी सांगितलं. ती लिहू लागली आणि मला तिची वही दिसली. काय लिहिलंय तिकडे माझं लक्ष नव्हतं, मला फक्त अक्षर दिसत होतं. मढ, टेम्पो, रामदास. प्रत्येक म ची गाठ उघडी, टोक जरा खाली ओढलेलं. वाडीची शाळा मी सोडल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी ही मुलगी जन्मली. तिला हे बापाने गिरवायला लावलं असणार.

पुढच्या तारखेला तिचेही कागद त्या टेबलावर जातील, हे माझ्या लक्षात आलं. सतरांतल्या हयात असलेल्यांचे नमुने जातील, आणि सगळ्यांचे म असेच असतील, आणि बाईंना वाटेल की या सगळ्यांनी मिळून केलं. किंवा वाटणार नाही. मला आता कशाचीच खात्री नव्हती.

“पोरी,” मी म्हणालो, “तू तरी म जरा वेगळा काढत जा. गाठ मिटवून.”

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता काय, गुरुजी,” ती म्हणाली. “सगळ्या अर्जांवर हाच गेलाय.”

आणि ती नवव्या नावाची वाट बघत थांबली.