पाच मिनिटांचं काम

हे कुणाला पटणार नाही. कॅम्प पाचमधल्या माझ्या गॅरेजात बसून मी ही गोष्ट निदान वीस जणांना सांगितली असेल, आणि वीसच्या वीस जण हसत गाडी घेऊन गेले. पण आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा मिस्त्री उल्हासनगरात एकच, हे त्यांतल्या एकानंही नाकारलं नाही.

एकविसावे उन्मेष साहेब. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. त्यांच्या गाडीचं ऑइल उतरवायला लावलं होतं, म्हणजे बसणं भागच होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला महिपती, माझा तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या आईला, पुतळाबाईंना, जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. संध्याकाळी बदलापूर गावात बुद्धवंदना आणि जेवण होतं, मला न्यायला तो आला होता. बाहेर त्याची जुनी डिझेल पिकअप उभी.

"ही पिकअप बघताय ना साहेब," मी म्हणालो, "मागच्या वर्षी ही गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच मला कळलं, हिला डिझेल पुरत नाही."

"तिनं फोन केला होता का?"

"खोकत होती. दहा मिनिटं चालायची, बंद पडायची, थोडी थांबली की परत चालू. आत हा महिपती. इथल्या मार्केटात माल उतरवायला आलेला, आणि तिकडे बदलापुरात आईचं शेवटचं चाललेलं. याची मुलगी स्वप्नाली सारखी फोन करतेय, बाबा, आजी तुमचं नाव घेतेय."

उन्मेष साहेबांचं हसू गेलं. "मग रिक्षा नाही केली?"

"मी म्हटलं, बस. पाच मिनिटांचं काम आहे."

महिपती चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता.

"दुसरा मिस्त्री असता तर सरळ डिझेलचा पंप खोलून बसला असता. मी आधी प्रेशरचा गेज काढला, फिल्टरच्या पुढच्या पाइपात जोडला. गाडी चालू केली. काटा वर, हवा तिथे. पंप गेला असता तर काटा सुरुवातीपासूनच खाली राहिला असता. मग रेस दिली आणि धरून ठेवली. काटा हळूहळू उतरायला लागला. आजाऱ्याची नाडी उतरते ना, तसा."

"फिल्टर चोंदला असणार."

"फिल्टर आठवड्यापूर्वीचा. साहेब, टाकीतून जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. या शहाण्यानं पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली दुधाची पिशवी कापून घट्ट बसवलेली. गाडीचा श्वासच कोंडलेला. मी झाकण फिरवलं, तर टाकीनं असा श्वास ओढला की माझी टोपी तिच्या तोंडाला चिकटली."

"टोपी."

"टोपी. आणि काटा परत वर. घड्याळ बघितलं, चार मिनिटं झालेली. तिथून बदलापूर अकरा मिनिटांत. अंबरनाथला एक बैलसुद्धा आडवा आला नाही. म्हातारीनं याचा हात धरला, याच्या हातून दोन घोट पाणी प्यायली, आणि मग गेली."

उन्मेष साहेबांनी बाहेरच्या पिकअपकडे बघितलं. "टोपीचं राहू द्या," ते म्हणाले. "पण वेळेवर पोचवलंत, मिस्त्री. हे मोठं काम केलंत."

वर्षभरात पहिल्यांदा कुणाला तरी माझी गोष्ट खरी वाटली होती. मी महिपतीकडे बघितलं नाही. तो दर वेळी ऐकतो आणि गप्प राहतो. आजही राहील असं धरून मी पाना शोधायला वाकलो.

"किसनदादा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गेज लाव, असं मी तुला दोनदा म्हटलं. तू म्हणालास, चाळीस वर्षं माझे कान हाच माझा गेज. आणि पंप खोललास. अडीच तास त्याचे तुकडे पेपरवर मांडून बसला होतास, आणि दर फोनला मला सांगायला लावायचास, पाच मिनिटं. शेवटचा फोन आला तेव्हाही पंप पेपरवरच होता. झाकण मी उघडलं, चौथ्या दिवशी, डिझेल भरताना. आणि आईला पाणी स्वप्नालीनं पाजलं. मी इथे होतो, याच बाकावर."