बरडाचा सिरका

अब्दुल गफ्फारांच्या घरात चार पिढ्या अंगुराचा सिरका होत आला होता, आणि चारही पिढ्यांत कुणी दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. मूर्तिजापूरजवळ त्यांचे अंगुरांचे तीन मांडव होते: एक विहिरीपाशी, एक मशिदीमागे आणि एक मुरमाड बरडावर. तिन्हींना शेणखत आणि निंबोळीची पेंड, बाकी काही नाही. सरकारी खताचं पोतं घेऊन आलेल्या ग्रामसेवकाला गफ्फारांनी चहा पाजून पोत्यासकट परत पाठवलं होतं. विहिरीचा सिरका मऊ, मशिदीमागचा उग्र, आणि बरडाचा असा की तो नसेल तर बकरी ईदच्या मटणाला चवच नाही असं सारा मोहल्ला म्हणे. निदान गफ्फार तरी म्हणत.

आता अंगुराचा रस सिरका होण्याआधी काही दिवस दारू असतो. हे गफ्फारांना पक्कं माहीत होतं, पण ते मनात आणत नसत. फेस बसला की मडक्यांना फडकं बांधायचं, पाठ फिरवायची, आणि आंबट वास दारापर्यंत आला की मगच चाखायचं, असा घरचा रिवाज. बासष्ट साली मात्र फडक्यातून चिलटं शिरतात म्हणून त्यांच्या बायकोने, अकीलाने, अकोल्याहून घट्ट झाकणांच्या मोठाल्या काचेच्या बरण्या मागवल्या. मांडवांप्रमाणे त्यांच्या तीन रांगा लागल्या. गफ्फारांना त्यांचं इतकं कौतुक की आल्यागेल्याला ते आधी बरण्या दाखवत आणि मग बसा म्हणत.

ईद जवळ आली तरी आंबट वास येईना. उलट झाकण जरा सैल केलं की असा गोड, उबदार वास यायचा की गफ्फार तोबा म्हणत मागे सरायचे. म्हणजे घरात दारूच्या तीन रांगा, आणि त्याही दारूबंदीत. ईदच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहायची, नाहीतर सगळं नाल्यात ओतायचं, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण बापाने लावलेल्या वेलींचा रस नाल्यात जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

चाखल्याशिवाय कळणार नाही, आणि दारू असेल तर चाखायची नाही. त्यांनी शेजारच्या जानरावांना गाठलं. सिरका बाजाराला जायचा तो जानरावांच्याच बैलबंडीतून.

"गफ्फारभाऊ, तुमच्यासाठी काईबी करीन," जानराव म्हणाले. "पण छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, तवा दारू पिणार नाही म्हणून बोललो हावो. वास पाह्यजे तर घेतो."

वास त्यांनी इतक्या दुरून घेतला की तो शेणखताचाच असावा.

मग उरले वामनराव वैद्य. औषधी आसवं-अरिष्टं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते लगेच आले, स्वतःची वाटी घेऊन आले. बरडाच्या रांगेतली पहिली बरणी उघडून त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. निकाल आज देता येत नाही, उद्या पुन्हा पाहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शंका नको म्हणून त्यांनी बरडाची अख्खी रांग तपासली. वैद्यबुवा भर उन्हात रोज येऊ लागले. विहिरीच्या रांगेला ते अधूनमधून मान देत. मशिदीमागचा माल त्यांना एकदाच घेतल्यावर उग्र लागला, त्याच्याकडे ते पुन्हा वळले नाहीत. जाताना त्यांना इतका आनंद झालेला असे की झाकणं लावायचं भान राहत नसे. अकीला संध्याकाळी ती लावून घेई आणि बरणीतला माल किती खाली गेला ते नवऱ्याला दाखवी.

ईदचा आदला दिवस उजाडला. बरण्या नाल्यावर न्यायला जानराव बंडी घेऊन आले. गफ्फारांनी डोळे पुसत बरडाची पहिली बरणी उचलली. वामनरावांनी त्यांना थांबवलं.

"ओतासाठी घाई कावून करता? शेवटचं एकदा पाहू द्या मले."

त्यांनी वाटी भरली आणि मोठ्या विश्वासाने एका दमात रिकामी केली. मग त्यांचं तोंड असं वाकडं झालं की जानराव पाणी आणायला धावले. वैद्यबुवा मटकन खाली बसले.

"झाला," ते म्हणाले. "सिरका झाला."

गफ्फारांनी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. बापाच्या हातचाच सिरका होता तो. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

अकीलाने एकेक बरणी हुंगून पाहिली. बरडाची रांग पुरती आंबली होती, विहिरीची अर्धीमुर्धी, आणि मशिदीमागची होती तशीच गोड. मग ती हसायला लागली. घट्ट झाकणांनी हवा कोंडली होती, आणि जिथे वैद्यबुवांचा जीव जडला तिथेच ती रोज आत गेली होती.

"म्हणजे मीच बिघडवला?" वामनरावांनी विचारलं.

"तुमीच सुधरवला, वैद्यबुवा," गफ्फार म्हणाले, आणि त्यांनी मशिदीमागच्या रांगेची झाकणं काढून फडकी बांधायला घेतली. वामनराव प्रत्येक गाठीकडे पाहत राहिले. बरडाच्या सिरक्याची भरलेली बाटली त्यांनी घेतली, पण मनापासून नाही.

पुढच्या साली अंगूर तुडवायच्या दिवशी वैद्यबुवा न बोलावता हजर झाले. काखेत वाटी होती.

"यंदा चिलटं फार होऊन राहिली," ते गंभीरपणे म्हणाले. "झाकणं घट्टच लावा. मी येतो रोज पाहाले."

अकीलाने त्यांना आत नेऊन बरण्या दाखवल्या. तिन्ही रांगांत तुरीची डाळ भरलेली होती.