लग्नाचं नाव

रंगांचं कार्ड लेकीच्या, अंजूच्या तोंडातून सोडवेपर्यंत त्याचा एक कोपरा पार भिजला होता. वैष्णवीनं तो ओढणीला पुसला आणि कार्ड पुन्हा काउंटरवर पसरलं.

"खाऊ द्या, वहिनी," दुकानदार रवींद्रशेठ हसले. "तेवढा एक तरी शेड कुणाला पसंत पडला!"

टोमणा सासूबाईंना, गिरजाला होता. शेणव्याहून शहापूरच्या या दुकानात येऊन टेकल्यापासून गिरजा नाक मुरडत बसली होती.

"ह्यो काय रंग? कावीळ झालेल्याच्या डोळ्यासारका. नि ह्यो? दारात आंबील सांडल्यागत."

"त्याला सनराइज क्रीम म्हणतात, मावशी."

"तुमी म्हना. माज्या भिंतीवर ती आंबीलच दिसल."

गिरजाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कार्डावरच्या झोकदार इंग्रजी नावांचा तिच्यावर काही मात्रा चालत नव्हती. तिला नुसते रंग दिसत होते. शेवटी तिचं बोट अबोलीवर थांबलं, तिथंच दोनदा आपटलं, आणि धाकट्या मुलाच्या, ऋतिकच्या लग्नाचा रंग ठरला.

वैष्णवीचा जीव मात्र रंगात नव्हताच. तिला रंगाखाली काय जाणार याची काळजी होती.

त्यांच्याकडे घरात लग्न निघालं की घर रंगवतात आणि दारालगतच्या भिंतीवर ऑइल पेंटात नवरानवरीचं नाव काढतात, दोन अंगांना दोन मोर. घरातलं पुढचं लग्न उभं राहीपर्यंत ते नाव पुसायचं नसतं. सहा वर्षांपूर्वी थोरल्या हनुमानच्या, म्हणजे वैष्णवीच्याच लग्नात पेंटरनं शिडीवरूनच हाळी दिली होती, "नवरी कंची रे?" त्याला विचारायचं होतं नाव. खाली मांडवाचे बांबू रोवणाऱ्यांना वाटलं, माहेरचं गाव विचारतोय. "वैशाखऱ्याची!" कुणीतरी ओरडलं. पेंटरनं, नावासारखं दिसावं म्हणून, शेवटाला एक वेलांटी पदरची दिली आणि ऐसपैस लाल अक्षरांत लिहून मोकळा झाला: हनुमान आणि वैशाखरी.

लक्षात आलं तेव्हा हळदीची माणसं दारात होती. "राहू दे आता," सगळेच म्हणाले. लग्नाच्या फोटोत ते नाव आलं. मग ऋतिकनं चिडवायला घेतलं, मग बोअरिंगवर हंडे भरणाऱ्या बायकांनी उचललं, "वैशाखरी, येतेस काय गो?" वैष्णवीही हसायची. खरंच हसू यायचं तिला. पण गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी अंजूला आईचं नाव विचारलं, आणि तीन वर्षांच्या पोरीनं मोठ्या ठसक्यात सांगितलं, "वैशाखली!" सगळ्या अंगणवाडीनं टाळ्या पिटल्या. त्या दिवशी वैष्णवीला घरी येईपर्यंत हसू आलं नाही.

"शेठ," तिनं अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "भिंतीवर जुनी अक्षरं असली तर? लाल, ऑइल पेंटाची?"

"वरून नुसता रंग माराल तर पावसाळ्यात परत डोकं काढतील. आधी पॉलिश पेपरनं घासायची, मग प्रायमरचे दोन हात. मग रंग."

"दोन हात कशाला?" गिरजा लगेच पुढं सरकली. "एका हातात भागतंय. पुसट दिसली तर दिसली. वर ऋतिकचं नाव येनार नाय काय? खालचं कोन वाचतंय?"

"मी वाचते."

तोंडातून निघून गेलं. वैष्णवीनं घाईघाईनं अंजूला उगाचच या कडेवरून त्या कडेवर घेतलं. शेठनी ब्रशांचा जुडगा उचलला आणि त्यातलाच एक केस उपटून बघत राहिले.

गिरजा सुनेकडे बघत होती. मग तिनं पदर खोचला.

"प्रायमर द्या. मोठा डबा. नि पॉलिश पेपर असा खरबरीत द्या, का सालटंच निघलं पायजे."

"आई, घासायला माणूस–"

"मानूस कशाला? माज्या हाताला काय झालंय? मीच घासनार ती."

पॉलिश पेपरचे दोन तुकडे वैष्णवीनं बोटांनी चाचपून पाहिले आणि जास्त खरबरीत होता तो बाजूला काढला.

मशीननं अबोली रंग घोळवून दिला. शेठनी झाकण ठोकून बसवलं आणि काळा मार्कर उघडला. बनवलेला रंग दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून प्रत्येक डब्यावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायची त्यांची पद्धत.

"कोंडूशेठ लिहू ना?"

वैष्णवीनं मान हलवायला घेतली. सासऱ्यांचंच नाव लागायचं सगळीकडं, खताच्या गोणीपासून पत्रिकेपर्यंत.

"भिमी लिवा," गिरजा म्हणाली.

"भिमी कोण, मावशी?"

"लिवा हो तुमी. रंग कुनी पसंत केला?"

शेठनी लिहिलं. टमटममध्ये प्रायमरचा डबा पायाशी ठेवला, अबोलीचा मात्र गिरजानं मांडीवर घेतला. टमटम किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर वैष्णवीनं हळूच विचारलं,

"आई, भिमी कोण?"

"मीच की. म्हायेरची." गिरजा बाहेर बघत होती. "लग्नात पाटावर बसले तवा भिमी होते. भटानं तांदळात बोट फिरवलं, नि उठले ती गिरजा. मला कुनी इचारलंच नाय." मग तिला एकदम हसू फुटलं. "म्हून तुज्या येळेला मी सगल्यांना बजावलं होतं, पोरीचं नाव बदलायचं नाय. भटाला दम दिला, तुज्या सासऱ्याला दम दिला. नि तो मेला पेंटर शिडीवर चढून बदलून गेला!"

दोघी इतक्या हसल्या की ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. अंजूलाही काही न कळता हसू आलं, ती डब्यावर चापट्या मारू लागली.

गिरजानं नातीचा हात अलगद बाजूला केला. झाकणावरच्या काळ्या अक्षरांवर, शाई पुसू नये इतपत वरून, बोट फिरवलं.

"बरोबर लिवलंय ना गो त्यानं? नीट बघ."

वैष्णवीनं वाकून वाचलं. "भिमी."

"परत वाच."