बेगिमायनं खोडलेलं नाव

जवळ सरका लेकरांनो, शेगडीपाशी जागा आहे. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो, मधे उठू मात्र नका.

आमच्या डोंगरांत, नारिन नदीच्या वरच्या अंगाच्या गावात जिपाराबाई तिसरीला शिकवत. "आपलं लिखाण मोठ्यानं वाचा," त्या सांगत, "जे गोष्टीत काही काम करत नाही, ते खोडा." त्यांच्या वर्गातल्या बेगिमायनं तेच केलं. उन्हाळी कुरणाची तिची गोष्ट सात पूर्वजांच्या नावांनी सुरू होत होती. सात पिढ्या तोंडपाठ नसलेल्या पोराला आमच्यात अनाथ म्हणतात. तिनं त्यातला चौथा, एसेन, खोडला आणि वही तिच्या आजोबांच्या हाती पडली.

"उद्या येतो, पोरीला शाळेतून काढूनच नेतो," असा तोक्तोसून आजोबांचा निरोप आला, तेव्हापासून बाई स्वतःलाच विचारत राहिल्या. वर्गात सगळ्यांत जीव ओतून लिहिणारी पोर ती! आपण खोडायला शिकवलं, राखायला शिकवायचं राहिलं की काय?

आजोबा आले, इवल्याशा बाकात कसेबसे मावले.

"काय बाई, मेलेल्याला पुन्हा मारायला शिकवता?"

बाई पुढे आल्या. "आजोबा, चूक माझी..."

"त्यांची नाही," बेगिमाय म्हणाली. "एसेन काहीच करत नाही. बाकीच्यांचं तुम्ही सांगता, कोण कुस्ती जिंकला, कोणी लांडगा मारला. ह्याचं नुसतं नाव!"

आता हात उगारतात, बाईंना वाटलं. आजोबांनी वही तिच्यापुढे ठेवली.

"पळापळीच्या वर्षी, सगळा गाव शिपायांपासून जीव वाचवत डोंगरापलीकडे निघाला तेव्हा, खिंडीत बर्फ कोसळत होता. घोडा एकच. एसेननं बायको-पोराला वर बसवलं, आपण चालला. पोचला नाही. ते पोर म्हणजे माझा बाप. विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. म्हणून मीही कधी..."

बेगिमायनं पेन्सिल उचलली. "मग सुरुवात इथूनच करते." लिहिता लिहिता थांबली. "तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"घोड्यावरच्या आजीचं."

"सातांत बायका मोजत नाहीत गं."

"पण ती गोष्टीत काम करते! पोराला तिनंच आणलं."

बाईंनी डोळे मिटले. संपलं. आता नेतात पोरीला.

आजोबा बाकातून सुटायला धडपडले. "थोरल्या बहिणीला विचारून येतो. तोवर तेवढी जागा मोकळी सोड. आणि बाई, पोरगी उद्या येईल. तेवढं माझं नाव खोडू देऊ नका म्हणजे झालं!"

बहिणीलाही ते नाव ठाऊक नव्हतं. वहीतली ती जागा अजून मोकळीच आहे. तेव्हा लेकरांनो, देवापुढे हात पसराल तेव्हा त्या बिननावाच्या आईची आठवण ठेवा, एवढंच मागणं.