बयाबाईची मूठ

"आजे, मूठ उघड की गं," सोन्या म्हणाला आणि त्याचा उजवा हात घरघर करत वर गेला.

बयाबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिच्या उजव्या मुठीतली करंगळी हलली, तिच्यामागून बाकीची बोटं सुटली आणि शेवटी अंगठा मोकळा झाला. अंगावरून वारं गेल्यापासून हाताला कुणी शिवलं तरी ती ओरडायची. सोन्याचं मात्र ऐकायची.

सोन्या म्हणजे गुडघ्याएवढा कापडी बाहुला. खांद्यात जीपच्या वायपरची मोटर, पोटात ट्रान्झिस्टरचा स्पीकर. आवाज गोपाळकृष्ण आपट्यांचा. साताऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मीटर दुरुस्त करताना आपटे कुणाशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. निवृत्त झाल्यावर डॉक्टर प्रमोदिनीबाईंच्या उपचार केंद्रात त्यांना अशी वाचा फुटली, की पडद्याआड स्टुलावर बसून, माइक ओठांशी धरून ते रहिमतपूरकडच्या पोराच्या बोलीत आजीची मनधरणी करायचे. सत्त्याण्णव सालचा तो उन्हाळा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका काळ होता.

त्या दिवशी बयाबाईचा पुतण्या नाथाजी कोरेगावहून आला होता. त्यानं मूठ उघडताना पाहिली आणि आपट्यांना चहाच्या टपरीवर गाठलं.

"काका, चुलतीचा अंगठा पायजे. रानाचं बक्षीसपत्र करायचं हाय माज्या नावावर. जुन्या कागदांवर उजवाच अंगठा हाय, वकील म्हंतो त्योच लागंल. अन् ती मूठ तर तुमचा बाहुलाच उघडतोय. उद्या अकराला या. मूठ उघड, अंगठा लाव, एवढंच म्हणायचं."

बयाबाईला हे ठाऊक आहे का, असं आपट्यांनी विचारलं. नाथाजी शांतपणे बशीत चहा ओतत राहिला.

"हाताच्या यायामाचं तरी तिला इचारलं व्हतं का तुमी? तिला वाटतंय बाहुला जित्ता हाय. तुमी फसवलं ते औषध, अन् आमी फसवलं की गुन्हा व्हय?" मग जाता जाता म्हणाला, "न्हाई आला तरी चालंल. बाहुल्याचं मगाचं समदं बोलणं टेप करून घेतलंय मी."

आपट्यांचा चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. त्या माणसाच्या बोलण्यात काही खोट काढता येत नव्हती, याचीच त्यांना भीती वाटली.

ते तडक डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी कपाटातून संमतीचा कागद काढला. नियमाप्रमाणे घरच्यांची सही होती आणि ती नाथाजीची होती. बयाबाईला कुणी विचारलंच नव्हतं. उद्या त्यांना सांगलीला जाणं भाग होतं. बाहुला बिघडलाय असं सांगा, त्या म्हणाल्या. आपट्यांनी टेपचं सांगितलं. तिलाच खरं सांगून टाकू का, असंही विचारलं.

"सांगा," बाई म्हणाल्या. "पण एकदा फसवणूक कळली, की ती कुणाचंच ऐकणार नाही. ही मूठ मग आखडून जाईल, आपटे. कायमची."

दुसऱ्या दिवशी आपटे नऊलाच आले. तीनदा बयाबाईच्या खाटेपाशी गेले आणि तीनदा पाणी हवं का विचारून परतले. तिची बोटं सैल पडली होती. तीन महिन्यांची कमाई होती ती, तिची आणि त्यांचीही. सांगायला जीभच उचलेना.

अकराला नाथाजी आला. बरोबर वकील, दोन साक्षीदार, शाईचा पॅड. त्यानं टेपरेकॉर्डर सोन्याच्या पाठीशी ठेवला आणि बटणावर बोट नेलं. तेव्हा कुठे आपटे पडदा सारून बाहेर आले.

"आजी, थांबा. हा बाहुला बोलत नाही. मी बोलतो."

बयाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वेडगळ माणसाकडे बघून हसावं तशी ती हसली. तिचा विश्वास बसेना. मग आपटे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि माइकशिवाय, आपल्या पांढऱ्या मिशांतून, सोन्याच्या आवाजात म्हणाले, "आजे, मूठ उघड की गं."

सवयीनं करंगळी हलली. बोटं सुटली. अंगठा मोकळा झाला आणि नाथाजीनं पॅड पुढे सरकवला. आपण त्याचंच काम करून बसलो, हे आपट्यांच्या ध्यानात आलं.

बयाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाहुल्याकडे पाहिलं. मग आपल्याच उघड्या हाताकडे कितीतरी वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आधी अंगठा तळहातावर घेतला आणि त्याच्यावर एकेक बोट मिटवत नेलं. कुणीही न सांगता त्या हातानं केलेली ती पहिली गोष्ट होती.

"बाईंची इच्छा दिसत नाही," वकील म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी घातली. साक्षीदारांसमोर मूठ उचकटायची नाथाजीला सोय राहिली नाही. तो टेपरेकॉर्डर उचलून निघून गेला.

डॉक्टरबाई सांगलीहून परतल्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपरवर 'सुधारणा थांबली' असं लिहिलं आणि आपट्यांना तो वाचायला दिला. सोन्या कपाटावर गेला.

तेव्हापासून रोज अकराला आपटे ते स्टूल खाटेसमोर ओढतात. मधे पडदा नसतो. आवाजही त्यांचा स्वतःचाच, जरा घोगरा.

"आजी, आज उघडायची का मूठ?"

"न्हाई," बयाबाई म्हणते. आजारानं तिला जे दोन-तीन शब्द ठेवले, त्यातला हा सगळ्यात स्पष्ट आहे. मग ती डाव्या हातानं पदर ओढून मुठीवर घेते.

आपटे बरं म्हणतात. हाताला हात लावत नाहीत. व्यायामाचा अर्धा तास संपेपर्यंत तिथेच बसून राहतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा विचारतात.