हिरडीच्या रंगाचा फासा

“फासा हातात असताना देवाला हाक मारायची नाही, पोरी. तो पडू दे, थांबू दे. मग काय पडलंय ते बघ आणि हात जोड.”

वडील हे सांगायचे ते खेळाचा पट जमिनीवर पसरताना, चष्मा कपाळावर सारून, जणू खेळाच्या नियमांतला हा पहिलाच नियम. लहानपणी तिला वाटायचं, देव कामात असतो म्हणून. मोठी झाल्यावर वाटलं, हरल्यावर देवावर राग निघू नये म्हणून. खरं कारण तिने कधी विचारलं नाही. नियम मात्र जन्मभर पाळला. एकदा सोडून.

तशी ती नेमाचीच बाई. उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. नवरा म्हणायचा, “घरातली सगळ्यात शांत वेळ. देवाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत बघ!” प्रार्थना झाली की ती कामावर जायची, दातांच्या प्रयोगशाळेत. तिथे ती कवळ्या घडवायची. साच्यात गुलाबी रसायन ओतायचं, हिरडीचा उंचवटा घासून गुळगुळीत करायचा, दात एकेक करून बसवायचे. आणि संध्याकाळी पट मांडायची. शेजारच्या एका बाईंनी एकदा नाक मुरडलं होतं, “एवढं देवाचं करता आणि हातात फासे?” ती हसून म्हणाली होती, “हात मोकळे राहिले तर नको त्या गोष्टी करतात हो.”

खेळात तिला जिंकण्यापेक्षा एक क्षण आवडायचा. फासा हातातून सुटलेला असतो आणि अजून थांबलेला नसतो. तेवढ्या वेळात कोणाचंच काही चालत नाही. प्रार्थनेतसुद्धा तिला कधीकधी तसंच वाटे.

तिचा स्वतःचा फासा होता हिरडीच्या रंगाचा. काम शिकत असताना उरलेल्या रसायनातून तिने तो वडिलांसाठी ओतला होता. वडील गेल्यावर तो तिच्याकडे परत आला.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मंडळी जमली. मंडळी म्हणजे धाकटी नणंद आणि निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. नवरा आतल्या खोलीत पडला होता. हृदयाची झडप बदलून त्याला काही महिने झाले होते, आणि त्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा कोणाचा हात न धरता जिना चढून आला होता. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, उद्यापासून सुरुवात करायची. कशाची, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मास्तर आल्याआल्या स्वयंपाकघरात शिरले आणि पेल्यात पाणी घेऊन त्यात मीठ ढवळत बसले.

“मास्तर, हे काय, सरबत?” नणंदेने विचारलं.

“सरबत नाही, कोर्ट. आज निकाल लागणार. खारट पाण्यात फासा तरंगतो. एका बाजूने हलका असेल तर तीच बाजू सारखी वर येते. माझा फासा माझ्यावर का रुसलाय ते कळू दे एकदा.”

त्यांचा पांढरा फासा पाण्यात पडला. चमच्याने ढोसला की दर वेळी वेगळीच बाजू वर.

“म्हणजे फासा निर्दोष,” नणंद म्हणाली. “मग दोष कोणाचा? मी नाव घेत नाही.”

“घेऊ नकोच,” मास्तर म्हणाले. “ताई, आता तुमचा आणा.”

गुलाबी फासा पाण्यात गेला, डुलला आणि सहा वर आला. मास्तरांनी तो बुडवला. पुन्हा सहा. उलटा करून सोडला तर हट्टी मुलासारखा कूस बदलून परत सहाच.

“वहिनी! इतकी वर्षं आम्हाला लुटत होतीस, आणि चेहरा बघा कसा गरीब!” नणंद पोट धरून हसायला लागली.

तिने फासा पुसला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. सहाच्या बाजूला आत एक फिकट ठिपका होता. हवेचा बुडबुडा. घाईने ओतलं की असा बुडबुडा अडकतो. कवळीत दिसला असता तर तिने ती मोडून पुन्हा केली असती. लोकांचे दात दिवसभर उजेडात धरून तपासणाऱ्या बाईने आपला फासा मात्र कधी धरून पाहिला नव्हता.

“नियम साफ आहे,” मास्तर म्हणाले. “सदोष फाशाचं दान धरत नाहीत. पुन्हा टाकायचं.”

दोघं हसली. तिला मात्र काही महिन्यांपूर्वीचं एक दान आठवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती रुग्णालयाच्या दालनात एकटीच होती. नणंद अजून वाटेत होती. ओळीने खुर्च्या, आणि सगळ्यांचे डोळे एका बंद दाराकडे. समोरचे एक आजोबा टोपीची घडी घालत होते आणि मोडत होते. तिथे तो तिचा आवडता क्षण संपतच नव्हता. फासा सुटलेला, थांबायचं नाव नाही. तिला ते सोसवेना. तिने पर्समधून गुलाबी फासा काढला, मुठीत धरला आणि जन्मभराचा नियम मोडला. देवा, सहा पडू दे. सहा पडला की मी समजेन. हे घरी आले, हिंडूफिरू लागले, की मी दर सुट्टीला इथे येईन, वाट बघणाऱ्यांबरोबर खेळायला. कोणी एकटं बसायला नको.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर सहा पडला होता. तिचा जीव भांड्यात पडला होता. मग तिने मान वर करून आजोबांना विचारलं होतं, “खेळता का?” आणि दार उघडेपर्यंत दोघं खेळत राहिली होती. आजोबा एकदा हसलेसुद्धा.

आणि आता कळत होतं, तो सहा तिनेच ओतलेला होता, किती वर्षांपूर्वी.

मंडळी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. नवरा उठून कपबश्या विसळत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच कसं? मी देवाला विचारलं, आणि उत्तर निघालं माझ्याच हातचा बुडबुडा. म्हणजे ते उत्तर नव्हतंच. मी कशाच्या भरवशावर रोज आभार मानत होते?”

“बरं, नव्हतं उत्तर. मग मी काय करू? परत जाऊन त्या टेबलावर झोपू? डॉक्टरीणबाईंना कळव, दान धरलं नाही, पेशंट परत पाठवतेय.”

तिला हसूही आलं आणि रडूही. “तुम्हाला सगळ्याची थट्टाच.”

“अगं, मी तर भुलीत होतो. सहा पडला काय, एक पडला काय, मला कोणी विचारलं होतं? डोळे उघडले तेव्हा तू समोर होतीस. मला तेवढंच ठाऊक.” त्याने बशी निथळत ठेवली आणि दुसरी उचलली.

ती बघत राहिली. कोपरापर्यंत ओले हात, फेस लागलेला बनियन, गळ्याशी डोकावणारा व्रणाचा शेंडा. एक कपही त्याने नीट विसळला नव्हता. तिने मागितलं होतं फासा पडायच्या आधी, आणि मग चुकीच्या ठिकाणी, त्या सहावरच टक लावून बसली होती. फासा तर केव्हाच थांबला होता. काय पडलं होतं ते तिच्यासमोर उभं राहून भांडी घासत होतं.

तिने हात जोडले.

“हे काय? मला नमस्कार?”

“तुम्हाला नाही.”

“हां, मग ठीक,” तो म्हणाला. “मी घाबरलो ना.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. मास्तर जाताना तो पांढरा फासा आणि त्याचा जोडीदार मागे ठेवून गेले होते. म्हणाले होते, “निर्दोष आहेत, माझ्या काय उपयोगाचे?” तिने ते आपल्या हाताने एकदा खारट पाण्यात सोडून पाहिले, कोरडे केले आणि घडीच्या पटाबरोबर कापडी पिशवीत ठेवले. गुलाबी फासा वडिलांच्या चष्म्याशेजारी ठेवला.

“रुग्णालयात त्याला नेत नाहीस?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“त्याने त्या दिवशी माझा हात धरला होता. आता त्याला विश्रांती.”

“आणि मी?”

“तुम्ही कप पुन्हा विसळा. साबण तसाच आहे.”

तिने चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागली. पायरीपायरीवर फासे आत खुळखुळत होते.