वळणाअलीकडचं हसू

आमच्या अॅम्ब्युलन्समध्ये एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. पेशंट घरातच गेला, तर निघाल्यावर पहिलं वळण येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. वळणानंतर काय हवं ते करा. रडा, शिव्या द्या, बिस्किटं खा, हसा. मी बहुतेक वेळा हसते. नवरा म्हणतो, तुला काळीज आहे की नाही? आहे, म्हणून तर हसते. पण ड्युटी करून आल्यावर त्याला हे समजावत बसायचं त्राण कोणाला असतं?

त्या दुपारी नियम मोडला तो मीच.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, एक निवृत्त शिक्षक पडले होते. मी गुडघ्यांवर बसून त्यांची छाती दाबत होते. डोक्याशी बसून मामा मास्कची रबरी पिशवी दाबून श्वास देत होते. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, सगळ्या स्टेशनचे मामा. ऐन घाईत माझ्या पँटची शिवण मागून टर्रकन उसवली, चांगली वरपासून खालपर्यंत. थांबायचा प्रश्नच नव्हता. मॉनिटरवरची रेघ मात्र काही केल्या हलेना. शेवटी मी हात काढून घेतले, त्यांच्या बायकोला म्हटलं, "काकू, ते गेले." पुढे काय करायचं ते समजावलं आणि भिंतीला पाठ घासत, औषधांची बॅग मागे धरून जिना उतरले.

गाडीत बसून दार लावलं. मामांनी सरळ समोर बघत, अगदी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, मागून वारं लागत असेल नाही?"

झालं. मला हसू फुटलं ते आवरेचना. मामाही सुटले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि आम्ही दोघं पोट धरून खिदळत होतो. एकाएकी मामांचा चेहरा पडला. ते माझ्या सीटकडे बघत होते.

येताना कोणीतरी आडवी लावलेली गाडी हटवायला त्यांनी टपावरच्या कर्ण्याचा माइक वापरला होता आणि घाईत माझ्या सीटवर टाकला होता. मी नेमकी त्याच्या बटणावर बसले होते.

आमचं खिदळणं कर्ण्यातून ऐकून गल्ली गप्प झाली होती. समोरचा न्हावी हातात कात्री घेऊन दारात उभा होता. वरच्या गॅलरीतून शिक्षकांचा भाऊ ओरडला, "माझा भाऊ अजून गार पडला नाही, आणि तुम्ही दात काढताय?" त्याच्या शेजारी काकू होत्या. कठडा धरून त्या खाली बघत होत्या.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि मी काय केलं? "मामा, निघा," म्हटलं. खरंच म्हटलं. गाडी हललीसुद्धा. आरशात काकू दिसत होत्या, तशाच, आमच्याकडे बघत. नवऱ्याच्या मरणावर डॉक्टरीण हसली, हे घेऊन ती बाई आजची रात्र काढणार होती. उरलेलं आयुष्यही.

वळण यायच्या आत मी गाडी थांबवायला लावली.

"मी येतो बरोबर," मामा म्हणाले. "बोललो तर मीच होतो."

"नको. बटणावर मी बसले होते."

जिना चढताना मागे कोण बघतंय याची लाज वाटत होती आणि वर कोण भेटणार याची त्याहून जास्त. दारात भाऊ आडवा आला. "आता काय राहिलंय हसायचं?" काकूंनीच त्याला बाजूला केलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "ह्यांना हसत होतात?"

"नाही काकू. शपथ. छाती दाबताना माझी पँट उसवली. त्यावर हसत होतो. पण इथे, तुमच्या दारात हसायला नको होतं. चुकलं माझं. फार चुकलं."

मी पाठ वळवून दाखवली. एरवी कोणी सांगितलं असतं, तर जीव गेला तरी दाखवली नसती. त्या वेळी मात्र दुसरा पुरावा नव्हता.

काकूंनी दारामागच्या खुंटीवरचा शर्ट काढला. निळा, कॉलर मळलेला, काल घातलेला असावा. माझ्या कमरेभोवती त्यांनी स्वतः त्याच्या बाह्यांची गाठ मारली. शाळेत निघालेल्या मुलीला आवरून द्यावं तशी.

"अशा कशा जाणार लोकांतून," त्या म्हणाल्या. "पण परत आणून द्या."

"आणते काकू. धुऊन, इस्त्री करून..."

"धुऊ नका." त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा फुटला. "अजिबात धुऊ नका."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र सोसेना. मी मान हलवली आणि खाली आले.

वळण आलं, गेलं. कोणी हसलं नाही. वायरलेसवर पुढचा कॉल आला: चौकात दुचाकी घसरली आहे, रक्त फार जातंय.

चौकात ही गर्दी. मी दार उघडलं, खाली रस्त्यावरचं रक्त बघितलं आणि कमरेची गाठ सोडली. शर्टाची घडी करून मामांच्या हातात दिली. "कशालाही लागू देऊ नका."

"अहो डॉक्टर, पण तुमची..."

"असू दे."

दोन्ही हातांत बॅगा घेऊन मी गर्दीतून चालू लागले. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं नाही.